गावची बैठक, ग्रामसभेचा प्रस्ताव आणि तहसीलचा आदेश: तिन्हींचा मेळ कसा घालावा

इंदूरच्या अनेक मराठी कुटुंबांचा एखाद्या खेड्याशी संबंध अजून टिकून आहे. कुणाची देपालपूर किंवा सांवेर तहसिलीत वडिलोपार्जित शेती आहे, कुणाकडे होळकरी काळापासून चालत आलेली मंदिराची पूजाअर्चा आहे, तर कुणी निवृत्तीनंतर एखाद्या मंडळातर्फे धार-झाबुआकडच्या फलियांमध्ये (आदिवासींच्या छोट्या वस्त्यांमध्ये) पाण्याचे किंवा शाळेचे काम करीत आहेत. तिथे काम अडते ते बहुधा दोनपैकी एका तऱ्हेने. सरपंच होकार देतो, सचिव कागद करून देतो, आणि प्रत्यक्ष गावात कुणी तो कागद जुमानत नाही. किंवा सारे गाव एकमुखाने हो म्हणते आणि तहसील कार्यालयात त्या होकाराला काही किंमत नसते.

याचे कारण असे की गावात दोन व्यवस्था एकाच वेळी नांदतात. एक रूढीने आलेली आहे, तिच्यात पटेल, जातीचे पंच, पुजारी आणि ओट्यावर भरणारी बैठक येते. दुसरी कायद्याने आलेली आहे, तिच्यात ग्रामसभा, ग्रामपंचायत, तिच्या वरची गट पातळीवरची जनपद पंचायत आणि महसूल खाते येते. पहिलीचा निर्णय माणसांना बांधतो, दुसरीचा निर्णय दप्तराला बांधतो, आणि टिकाऊ कामाला दोन्ही लागतात. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी बैठक, मग ग्रामसभा, आणि गरज असेल तरच तहसील. कोणत्या बाबतीत हा क्रम चालतो आणि कोणत्या बाबतीत बैठकीच्या वाटेला मुळीच जाऊ नये, हे पुढे सांगितले आहे.

कोणाचा अधिकार कुठवर

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि मध्यप्रदेशाने आपला पंचायत राज अधिनियम केला. २००१ मध्ये त्यात ग्रामस्वराजाची कलमे आली आणि प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा मिळाली. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन गावे असू शकतात, पण प्रत्येकाची ग्रामसभा वेगळी असते. विषय ज्या गावचा, त्याच गावच्या ग्रामसभेचा प्रस्ताव लागतो. पंचायतीचे मुख्यालय असलेल्या मोठ्या गावात प्रस्ताव उरकून घेतला, तर समोरच्या पक्षाचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो.

इंदुरात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. आपली दहा बिघे जमीन गावात असली आणि मत रामबागेत किंवा सुदामा नगरात असले, तर ग्रामसभेत आपल्याला मत नसते. अर्ज देता येतो, सभेच्या अनुमतीने म्हणणे मांडता येते. हात मात्र गावकऱ्यांनीच वर करायचा असतो. शहरातल्या मालकाला गावच्या बैठकीची गरज का पडते, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

सरपंच थेट मतदानाने निवडला जातो आणि मध्यप्रदेशात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पुष्कळ गावांत सही सरपंचबाईंची असते आणि बोलणी त्यांचे पती करतात. या सरपंच-पतींशी गोड बोलावे, चहाही घ्यावा. पण विषय सरपंचबाईंच्या समोर मांडावा आणि अर्ज त्यांच्याच नावे द्यावा, कारण कायद्याला पती ठाऊक नाहीत. पंचायतीचे सचिव हे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित पद आहे: कार्यवाही पंजी, म्हणजे सभेच्या कामकाजाची वही, त्यांच्या ताब्यात असते, आणि त्या पंजीत जे लिहिले जात नाही ते झालेच नाही असे समजावे.

पटेल हा मुख्यतः मान आहे. पूर्वी शेतसारा गोळा करण्याचे काम पटेलाकडे असे. पंचायत कायद्यात या नावाला जागा नाही. तरीही माळव्यातल्या अनेक गावांत पटेलांचे घर डावलून बोलावलेल्या ग्रामसभेला माणसेच येत नाहीत, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते. कोटवार मात्र दोन्हींकडचा माणूस आहे. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये त्याची नेमणूक आहे, आणि गावाच्या लेखी तो पिढ्यानपिढ्यांचा राखणदार आहे. शिवेचा दगड कुठे होता, पाणी कोणत्या नाल्याने जाई, कोणत्या साली कोणी वाट नांगरली, हे त्याला तोंडपाठ असते. गावात गेल्यावर आधी त्याला भेटावे.

रूढीला कायदा स्वतःच कुठे मानतो

"चालीरीतीला कोर्टात कोण विचारतो" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. जमीन, पाणी आणि वाट यांच्या बाबतीत ते खरे नाही. भू-राजस्व संहितेत तीन ठिकाणी गावच्या वहिवाटीला थेट प्रवेश आहे.

पहिले, कलम १३१. शेतात जाण्यायेण्याची वाट, किंवा पाणी कुठून आणि कोणत्या मार्गाने घ्यायचे, यावर वाद झाला, तर तहसीलदार जागेवर चौकशी करून पूर्वापार रूढी आणि सर्व संबंधितांची सोय या दोन गोष्टींच्या आधारे निर्णय देऊ शकतात. इथे मालकी हक्काचे जाडजूड पुरावे लागत नाहीत. वाट पूर्वीपासून वापरात होती हे दाखवावे लागते. तशी वाट अडवणाऱ्यावर कलम १३२ खाली दंडाची तरतूद आहे.

दुसरे, कलम २४२ मधील वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी असले तरी वस्तू साधी आहे: खाजगी जमिनीतून जाणाऱ्या वाटा, सिंचनाचे हक्क, मासेमारीचे हक्क यांविषयीच्या गावच्या रूढींची ही सरकारी नोंद होय. तिसरे, कलम २३४ चे निस्तार पत्रक. चराईची जमीन, जळण, गावाच्या सामाईक वापराच्या जागा यांविषयीचे नियम त्यात असतात, आणि ते बिगर-खातेदारीच्या म्हणजे शासकीय पडीक जमिनीला लागू होते. या दोन नोंदींची गल्लत सर्रास होते. शेजाऱ्याच्या खात्यातल्या जमिनीतून वाट हवी असेल तर वाजिब-उल-अर्ज पाहावे. चरनोईवर, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीवर, कुणी अतिक्रमण केले असेल तर निस्तार पत्रक पाहावे.

दोन्हींच्या नकला मागून घ्याव्यात. खसरा (शेतांची नोंद), बी-१ (खातेदाराची नोंद) आणि नकाशा आता ऑनलाइन मिळतो; जुनी वाजिब-उल-अर्ज आणि जुन्या बंदोबस्ताचा (जमीन मोजणी आणि सारा-आकारणीचा) नकाशा यांसाठी मात्र मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात अर्ज करून अभिलेखागारातून नक्कल काढावी लागते. घरात होळकरी सनदा किंवा मोडीतले कागद असतील तर त्यांचे जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्यावे. ते कागद चालू नोंदीला आपोआप मागे सारत नाहीत, पण वहिवाट किती जुनी आहे हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो. घरच्या पेटीतल्या सनदेवर भिस्त ठेवून गावाशी भांडणारे काही जण असतात. त्यांना माझा सल्ला असा की सनद शेवटी काढावी, आधी पटवाऱ्याची नोंद पाहावी.

निस्तार पत्रकातली नोंद चुकीची किंवा अपुरी असेल तर पंचायतीच्या मागणीवरून उपविभागीय अधिकारी (एस.डी.एम.) चौकशी करून ती बदलू शकतात. म्हणजे ओट्यावर ठरलेली गोष्ट प्रस्तावाच्या रूपाने एस.डी.एम.कडे जाते आणि सरकारी नोंद होऊन परत येते. हा रस्ता फार थोडी गावे वापरतात. पाणवठ्याची जागा, खळ्याची जागा, स्मशानाकडे जाणारी वाट या गोष्टी एकदा नोंदीत बसल्या की पुढच्या पिढीला त्यावर भांडावे लागत नाही, म्हणून गावात एकोपा असतानाच हे करून घ्यावे.

बैठक कशी बोलवावी आणि काय ठरवून घ्यावे

समजा, वाट अडली आहे. वरच्या शेतकऱ्याने सोयाबीन पेरताना बांधालगतची गाडवाट नांगरात घेतली, आणि आता खालच्या चार शेतांत ट्रॅक्टर जात नाही. तहसीलमध्ये लगेच अर्ज टाकला तर नोटीस निघते, समोरचा माणूस वकील करतो, आणि ज्या वृद्धांची साक्ष लागणार असते ते "आम्हाला कशाला मध्ये घेता" म्हणून मागे सरतात. त्यांना मागे सरण्यापूर्वी बोलते करायचे असेल तर बैठक आधी व्हावी लागते.

बैठक आपण स्वतः बोलावू नये. पटेलांना किंवा गावातल्या मान्य वडीलधाऱ्यांना विनंती करावी की आपणच बोलवावे. शहरातून गाडीने येऊन बैठक बोलावणाऱ्याकडे गाव पाहुणा म्हणून पाहते, आणि पाहुण्याच्या तोंडावर गाव वाद करीत नाही. सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी वाट तशीच बंद असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला निरोप त्याच्याच भाऊबंदांपैकी कुणाकडून जावा. पेरणी-कापणीचे दिवस, एकादशी आणि लग्नाच्या दाट तिथी टाळाव्यात. बैठक मंदिराच्या ओट्यावर असेल, तर त्या ओट्यावर गावातले सगळे समाज मोकळेपणाने बसतात का, हे आधी विचारून घ्यावे. बसत नसतील तर शाळेच्या पडवीत किंवा पंचायत भवनात बसावे. ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या बैठकीत बलाई किंवा चर्मकार वस्तीतला माणूस खाली पायरीवर बसला, ती बैठक गावाची नव्हे, आणि तिचा निर्णय पुढे टिकण्याची अपेक्षाही धरू नये.

बैठकीत हक्काची भाषा कमी बोलावी. "संहितेच्या कलमाप्रमाणे" असे वाक्य तिथे उच्चारले की माणसे गप्प होतात. त्याऐवजी जुन्या माणसांना विचारावे की बैलगाडी कोणत्या बाजूने जायची, चाकोरी किती रुंद होती, आड आलेले बाभळीचे झाड तेव्हा होते का. असे विचारल्यावर ज्याने वाट नांगरली त्याचाच काका बहुधा सांगतो की, गाडी या बांधावरून जायची आणि पावसाळ्यात पलीकडून. तेवढे एक वाक्य पुढच्या साऱ्या प्रकरणाचा पाया असते. ते बोलले जात असताना कोण हजर होते, हे डोक्यात ठेवावे.

तोडगा निघाला की तो त्याच बैठकीत साध्या कागदावर लिहून घ्यावा. वाट कोणत्या सर्व्हे क्रमांकांतून जाते, किती फूट रुंद, कोणत्या बांधाला लागून, पिकाचे नुकसान झाले तर कोण किती देणार आणि केव्हा, एवढे लिहावे. तारीख, स्थळ, हजर असलेल्यांची नावे आणि सह्या किंवा अंगठे घ्यावेत. या कागदाला पंचनामा म्हणू नये, कारण तो शब्द सरकारी कामाचा आहे. 'आपसी सहमती' एवढे म्हणणे पुरे. मोबाइलवर वाटेची छायाचित्रेही काढावीत. पण बैठकीचे चित्रीकरण करू नये. कॅमेरा वर केला की वडीलधारे बोलायचे थांबतात.

ग्रामसभेत प्रस्ताव कसा आणावा

मध्यप्रदेशात ग्रामसभा २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरण्याचा प्रघात आहे; याशिवाय विशेष सभाही बोलावता येते. राष्ट्रीय सणाच्या दिवशी झेंडावंदन, मिठाई आणि योजनांचे वाचन यांत वेळ जातो, म्हणून विषय आधी अजेंड्यावर घालून घेणे आवश्यक आहे. दोन प्रतींत अर्ज करावा, एक सचिवांना द्यावा आणि दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. सचिव शिक्का देण्याचे टाळत असतील तर तोच अर्ज जनपद पंचायतीच्या मुख्य कार्यपालन अधिकाऱ्यांकडे द्यावा. इंदूर जिल्ह्यात इंदूर, महू, सांवेर आणि देपालपूर अशा चार जनपद पंचायती आहेत.

सभेची मुनादी झाली की नाही हे कोटवाराला विचारावे. वरच्या मोहल्ल्यात दवंडी झाली आणि खालच्या वस्तीत झाली नाही, असे घडते, आणि मग त्याच वस्तीतून हरकत येते. सभेच्या दिवशी आपल्या बाजूचे मतदार, विशेषतः स्त्रिया, वेळेवर याव्यात. गणपूर्तीत स्त्रियांची उपस्थितीही मोजली जाते. शिवाय पाण्याच्या, जळणाच्या आणि स्मशानाच्या वाटेबद्दल त्यांचे म्हणणे पुरुषांपेक्षा नेमके असते.

प्रस्तावाचा मजकूर आपणच हिंदीत तयार करून न्यावा. सचिवांवर सोडला तर "रास्ते के संबंध में चर्चा हुई" एवढीच ओळ पंजीत उतरते, आणि चर्चेवर कोणतेही कार्यालय काही करू शकत नाही. मजकूर साधारण असा असावा: "ग्राम सभा के समक्ष ग्राम के वयोवृद्ध निवासियों ने बताया कि उक्त सर्वे नंबरों की मेड़ से होकर बैलगाड़ी का रास्ता पूर्व से प्रचलित है। ग्राम सभा सर्वसम्मति से प्रस्ताव पारित करती है कि उक्त रूढ़िगत रास्ता यथावत रखा जाए तथा प्रस्ताव की प्रति तहसीलदार महोदय को भेजी जाए।" सर्वे क्रमांक अंकांत आणि अक्षरांत असे दोन्ही लिहावेत. 'सर्वसम्मति' हा शब्द खरा असेल तरच घालावा. एकाने जरी विरोध नोंदवला असेल तर 'बहुमत' लिहावे. खोटी एकमुखी नोंद पुढे एका शपथपत्राने कोसळते.

सभा संपण्यापूर्वी पंजीत मजकूर उतरला आणि सह्या त्याखालीच झाल्या, हे डोळ्यांनी पाहावे. कोऱ्या पानावर आधी सह्या आणि मागाहून मजकूर हा प्रकार जुना आहे. प्रमाणित प्रत तिथेच मागावी. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने, मागावी.

इथेच काम मिटले तर उत्तम. न मिटल्यास ही प्रत, बैठकीचा कागद, नकाशाची नक्कल आणि वृद्धांची नावे घेऊन तहसीलदारांच्या न्यायालयात कलम १३१ खाली अर्ज करावा. राजस्व निरीक्षक आणि पटवारी जागेवर येतील तेव्हा ते वृद्ध तिथे हजर राहतील अशी व्यवस्था करावी. बैठक आधी झालेली असल्यामुळे ते येतात. ग्रामसभेच्या प्रस्तावाने तहसीलदार बांधले जात नाहीत, पण पूर्वापार रूढी काय होती याचा तो सगळ्यांत भक्कम पुरावा ठरतो. प्रकरण रखडले तर कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनावणी आणि १८१ क्रमांकाची सी.एम. हेल्पलाइन हे दोन मार्ग आहेत. हेल्पलाइनचा उपयोग प्रकरण हलवण्यापुरता करावा. न्यायालयात चालू असलेल्या वादाचा निकाल तिथे लागत नाही.

तडजोड पैशाची किंवा दिवाणी स्वरूपाची असेल, म्हणजे उसनवारी, वाटणी, पिकाचे नुकसान अशी, तर बैठकीत ठरलेली गोष्ट लोक अदालतीत नेऊन तिच्यावर अवॉर्ड (निवाडा) करून घेण्याचा पर्याय फार चांगला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे लोक अदालतीचा अवॉर्ड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नसते. दावा दाखल होण्यापूर्वीचीही प्रकरणे तिथे घेतली जातात. पंचांचा मान राहतो आणि निर्णयाला कोर्टाचे बळ येते.

मंदिराची माफी जमीन

हा विषय इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना जवळचा आहे, आणि याबाबत गैरसमजही दाट आहेत. पूजेसाठी मिळालेली माफी जमीन, म्हणजे सारा माफ असलेली जमीन, आपल्या घराण्याची आहे, असे अनेक पुजारी कुटुंबे धरून चालतात, आणि गावही तसेच मानत आलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेशातल्याच एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी स्पष्ट केले आहे की मंदिराच्या जमिनीची मालक देवता असते. पुजारी तिची व्यवस्था पाहणारा असतो आणि भू-अभिलेखात मालक किंवा कूळ म्हणून त्याचे नाव असण्याची गरज नाही. तेव्हा पंचायतीकडून "ही जमीन अमुक घराण्याची आहे" असा दाखला घेण्यात वेळ घालवू नये. त्या कागदाने मालकी येत नाही, उलट संशय येतो.

पूजेचा हक्क, उत्सवाचा क्रम, पालखीचा मार्ग, नैवेद्याचा मान या गोष्टी मात्र गावच्या रूढीच्या आहेत आणि त्या बैठकीतच ठरवाव्यात. पालखीचा मार्ग पंचायतीच्या रस्त्यावरून जात असेल तर तेवढ्यापुरते पत्र पंचायतीला द्यावे. मंदिराच्या दुरुस्तीला पंचायतीचा निधी मागण्याऐवजी गावाची वर्गणी आणि नीट लिहिलेला हिशेब हा मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो.

धार, झाबुआ, अलिराजपूरकडे काम करताना

इंदूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासींसाठी वेगळी व्यवस्था ठेवलेल्या भागात, येत नाही; शेजारच्या धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानी आणि खरगोन या जिल्ह्यांचा बराचसा किंवा सगळा भाग येतो. तिथे पंचायतीची घडीच निराळी आहे. संसदेच्या १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींविषयीच्या कायद्याने) सांगितले आहे की या क्षेत्रातले पंचायत कायदे लोकांच्या रूढी, धार्मिक प्रथा आणि सामुदायिक साधनांच्या पारंपरिक व्यवस्थेशी जुळणारे असावेत, आणि परंपरा तसेच वाद मिटवण्याची रूढ पद्धत जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे. मध्यप्रदेशाचे पेसा नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले आणि ते २० जिल्ह्यांतल्या ८९ विकासखंडांना लागू आहेत.

व्यवहारात फरक असा पडतो की ग्रामसभेचे अध्यक्षपद तिथे सरपंचाकडे नसते. सरपंच, उपसरपंच किंवा पंच नसलेली अनुसूचित जमातीची व्यक्ती त्यासाठी निवडली जाते. पुष्कळदा ती व्यक्ती तडवी (भिलांचा गावप्रमुख) किंवा पटेलाच्या घरातली असते. म्हणून इंदूरहून जाणाऱ्या मंडळाने सरपंचाला भेटून काम झाले असे समजू नये. मजरा, टोला किंवा फलिया स्वतःची वेगळी ग्रामसभाही करू शकतो, तेव्हा आपण ज्या फलियात काम करणार तिथली ग्रामसभा कोणती, हे आधी विचारावे. पटवाऱ्याने वर्षातून एकदा गावाचा नकाशा आणि खसऱ्याची नक्कल ग्रामसभेपुढे ठेवायची असते, आणि गावासंबंधी गुन्हा नोंदला गेल्यास पोलीस ठाण्याने ग्रामसभेला कळवायचे असते. ग्रामसभेची शांती एवं विवाद निवारण समिती असते. भिलांमधली भांजगड्याची रीत, म्हणजे दोन्हींकडच्या मध्यस्थांनी बसून भरपाई ठरवणे, किरकोळ वादांपुरती या समितीच्या चौकटीत बसू शकते.

सामुदायिक श्रमाच्या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकावे. हलमा म्हणजे एखाद्याचे किंवा गावाचे काम साऱ्यांनी मिळून विनामोबदला करणे. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर हजारो लोकांनी हलम्यातून पाणी अडवण्याचे चर खणले आहेत. तुमच्या मंडळाला तळ्याचा गाळ काढायचा असेल, तर मजुरीचे अंदाजपत्रक पुढे करण्यापूर्वी गावाला हलमा बोलावता येईल का, हे विचारावे. एक सावधगिरी हवी: ज्या कामावर रोजगार हमीचे हजेरीपत्रक चालू आहे त्या कामावर हलमा करू नये. फुकटचे श्रम आणि सरकारी मजुरी एकाच चरात मिसळली की हिशेबाचा घोळ होतो, आणि तो घोळ गावाच्या माथी येतो.

वनहक्काच्या दाव्यातही रूढीला थेट स्थान आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या नियमांप्रमाणे दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी उतरवलेले कथन पुरावा म्हणून चालते, आणि विहिरी, स्मशाने, पवित्र स्थळे यांच्या खुणाही चालतात. बाबदेवाचे (गावदेवतेचे) स्थान किंवा जुने गातले (मृतांच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड) नकाशावर दाखवून ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडावे. सुशिक्षित कार्यकर्ते हे अंधश्रद्धेचे म्हणून वगळतात आणि दावा कमकुवत करतात.

बैठकीच्या वाटेला कुठे जाऊ नये

राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढीही येते, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तितक्या प्रमाणात ती रद्दबातल ठरते. म्हणून लग्न, जात आणि स्त्रीचा सन्मान यांविषयी बैठकीचा निवाडा कितीही एकमुखी असला तरी त्याला आधार नाही. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप (जातपंचायत) किंवा तत्सम जमावाने ढवळाढवळ करणे बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सांगितले आहे. राजगड, आगर-माळवा भागात लग्न मोडले की 'झगडा' म्हणून मोठी रक्कम मागण्याची रीत आहे. अशा बैठकीत मध्यस्थ म्हणूनही बसू नये, कारण धमकी किंवा जाळपोळ झाली तर मध्यस्थाचेही नाव येते.

बहिष्काराबद्दल मराठी वाचकांचा एक समज दुरुस्त करायला हवा. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, पण तो महाराष्ट्रापुरता आहे. इंदुरात बसून त्याचा हवाला देऊन उपयोग नाही. इथे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर बहिष्कार घातला किंवा तशी धमकी दिली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. इतरांच्या बाबतीत प्रत्यक्ष कृत्य काय झाले, म्हणजे धमकी, खंडणी, वाट अडवणे की मारहाण, ते पाहून तक्रार द्यावी लागते.

बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, खून, बालविवाह यांत तडजोड होऊ शकत नाही. भांजगड्यात रक्कम ठरली म्हणून खटला थांबत नाही. अशा घटनेची बैठक बसते आहे असे कळले, तर तिथे जाऊन समजूत घालण्यात वेळ न दवडता ठाण्याला कळवावे आणि पीडितेच्या कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंत पोचवावे.

गाव नगर निगमात जाणार असेल तर

इंदूरच्या हद्दवाढीत २९ गावे नगर निगमात (महानगरपालिकेत) आली, आणि शहर वाढते आहे. गाव निगमात गेले की ग्रामपंचायत संपते, ग्रामसभाही संपते, आणि वॉर्डाचा नगरसेवक येतो. बैठक मात्र चालू राहते, पण तिचे म्हणणे ज्या पंजीत उतरत असे ती पंजी बंद होते. म्हणून हद्दवाढीची नुसती चर्चा सुरू झाली तरी चरनोई, तळे, स्मशान, खळे आणि देवस्थानाच्या जागा यांच्याविषयीचे प्रस्ताव शेवटच्या ग्रामसभांत घालून घ्यावेत, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या प्रमाणित नकला काढाव्यात, आणि कार्यवाही पंजीतल्या महत्त्वाच्या पानांच्या नकला गावातल्या दोन-तीन वेगवेगळ्या समाजांच्या घरी ठेवाव्यात. एकाच घरी ठेवल्या तर निवडणुकीनंतर त्या सापडत नाहीत.